नातेवाइकांची खुर्ची

डॉक्टर दोनदा नापास झाले, ते एकाच खोलीत. बाहेरून शिकून आलेल्यांना इथे परदेशात डॉक्टरकीच्या परवान्याआधी एक परीक्षा द्यावी लागते. त्यात पेशंटचं सोंग घेऊन एक नट बसतो आणि त्याला वाईट बातमी सांगायची असते. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका. तुमच्याबरोबर कोण आलंय?"

बरोबर कोणीच आलेलं नव्हतं.

भारतातल्या आपल्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. पेशंटला धीर द्यायचा आणि थोरल्या मुलाला व्हरांड्यात नेऊन खरं सांगायचं. इथे हे चालत नाही. पेशंटचा आजार त्याचा स्वतःचा, त्याला न विचारता घरच्यांनाही सांगायचा नाही.

तिसरी संधी शेवटची होती. तोवर ते एका हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलत. लिफ्टपाशी सोबतचे चिडवायचे, "सर्जनसाहेब, बाजू द्या." तेही हसून बाजू द्यायचे. पण मरेपर्यंत बाजू देत राहायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

रोज जेवणं झाली की मुलगी स्वयंपाकघरात पेशंट होऊन बसायची.

"हे बघ बाळा, घाबरण्यासारखं काही..."

"आहे घाबरण्यासारखं. म्हणून तर सांगायचंय."

"तुझ्या नवऱ्याला बोलाव."

"बाबा, तो भांडी घासतोय. कॅन्सर मला झालाय."

"मला यात घेऊ नका," जावई नळापाशी पुटपुटला.

मुलीने विचारलं, "आईला कोणी सांगितलं होतं?"

डॉक्टरांनी टेबलावरचं पाणी पुसलं. "मीच. मी तुला फोन करायला बाहेर निघालो होतो. म्हणाली, कुठे चाललात? माझ्या पोटातलं आहे, आधी मला कळू दे. मग बसलो. सांगितलं. ती गप्प, मीही गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, पंखा कमी करा."

"मग तसंच करा की."

"ती माझी बायको होती गं. हा नट आहे, पैसे घेऊन रडतो."

"रडू दे. परवाना तर खरा आहे."

परीक्षेच्या खोलीत तोच नट होता. शेजारी रिकामी खुर्ची. सवयीने डॉक्टरांची नजर तिच्याकडे गेली. त्यांनी ती खुर्ची उचलली, नटासमोर ठेवली आणि स्वतःच तिच्यावर बसले.

"तपासणीचा निकाल आलाय. सगळं ऐकायचंय, की थोडं थोडं सांगू?"

"सगळं."

त्यांनी सांगितलं. नट गप्प झाला. 'बरं होईल सगळं' अगदी जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. परीक्षक बाईंचं पेन थांबलं, तरी ते बोलले नाहीत.

"बायकोला काय सांगू?" नटाने शेवटी विचारलं.

"कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. हवं तर मी सोबत बसेन."

परवाना आला. वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीचा मुलगा दारातून खुणावू लागला. डॉक्टर, जरा बाहेर या. ती खूण त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. पाय दाराकडे वळलेही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हातारीजवळ बसले.

"आजी, मुलगा मला बाहेर बोलावतोय. जाऊ, की त्यालाच आत बोलावू?"

म्हातारीने दाराकडे पाहिलं.

"त्यालाच बोलवा," ती म्हणाली. "बाहेर काय ठेवलंय?"