छत्री घेतली?

चष्मेवाल्याने बाईंच्या नाकावरच्या जड चौकटीत एक काच सरकवली आणि दुसऱ्या हाताने पोटाजवळचा ड्रॉवर बोटभर उघडला. आत मोबाइल उताणा पडला होता. पडद्यावरचे आकडे झाडून सगळे लाल होते.

"ही स्पष्ट की ही?"

"पहिली," निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग जरा थांबून, "नाही, दुसरी. पुन्हा दाखवा बघू."

त्याने पुन्हा दाखवली. बाईंनी जन्मभर मुलांना घाई करू नका म्हणून सांगितलं होतं, आता स्वतःही ते मनापासून पाळत होत्या. शेअर बाजाराचा निर्देशांक मात्र कुणाचं ऐकत नव्हता. ड्रॉवर उघडायच्या आणि मिटायच्या दरम्यान तो आणखी खाली आला होता.

बाहेर काउंटरवर बायको एका चौकटीचे नोजपॅड बदलत होती. मधल्या काचेतून तिची वाकलेली मान दिसत होती. तिला काही कळलेलं नाही एवढाच काय तो त्याला आधार होता.

दुकान सांभाळून तो ऑप्शनचा व्यवहार करायचा. दर आठवड्याला एक पुट विकायचा. म्हणजे एक आश्वासनच: निर्देशांक अमुक पातळीच्या खाली गेला, तर जितका जाईल तितकं नुकसान मी भरून देईन. आश्वासनाचे पैसे आधीच हातात पडत. आठवडा शांत गेला की ते आपले. बहुतेक आठवडे शांतच जातात, आणि तिथेच माणूस फसतो.

बायकोने सगळं नीट ऐकून घेऊन एकच अट घातली होती. त्याहून खालच्या पातळीचा एक स्वस्त पुट दर वेळी विकतही घ्यायचा. बाजार कोसळलाच, तर त्या पातळीखालचं सगळं नुकसान तो भरून काढणार. घरात त्याला नाव पडलं छत्री. विकून झालं की तो काउंटरवर येऊन फुशारकीने दोन्ही पातळ्या सांगे, आणि ती मान वर न करता विचारी, "छत्री घेतली?"

"घेतली," तो म्हणे. नवराबायकोतला शेअर बाजार तेवढ्यात संपे. तिच्या नावानेही त्याने हौसेने खातं उघडून दिलं होतं, खरेदी-विक्री शिकवली होती. तिला त्यात काही गोडी दिसली नाही, म्हणून त्यानेही तो नाद सोडला.

पुढे गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. पहिला हक्क तुमचा, म्हणाला, पण वर्षअखेरपर्यंतच. दोघांनी होतं नव्हतं ते एका ठिकाणी आणलं, तरी थोडं कमी पडत होतं. आणि ही छत्री दर आठवड्याला कोरडीच राहायची, वर मिळकतीतला मोठा घास खाऊन जायची. एके दिवशी त्याने ती घ्यायचं सोडून दिलं. "घेतली" म्हणायचं आणि तिची पातळी सांगायचं मात्र सोडलं नाही.

आज या आठवड्याचा सौदा संपायचा होता. दुपारी कुठल्याशा मोठ्या बँकेची वाईट बातमी आली आणि बाजाराचा तळच सुटला. विकलेला पुट परत घेऊन सुटका करून घ्यायला त्याला वेळ मिळाला होता. पण चार पैसे वाचवायला त्याने चालू भावापेक्षा थोडा कमी भाव टाकला. तेवढ्यात पुटचा भाव वर निघून गेला. मग त्याने वाढवून टाकला, तोही मागे पडला. मग येईल खाली, जरा थांबू, असं म्हणत तो थांबला, आणि नेमक्या तेव्हाच बाई दारात उभ्या राहिल्या.

"खालची ओळ वाचा."

बाईंनी दोन अक्षरं वाचली आणि चौकटीआडून त्याच्याकडे बघितलं. "डोळे माझे तपासताय, पण घाम तुम्हाला का फुटलाय?"

"पंखा बंद पडलाय."

"चालू आहे की तो!"

तो हसला, पण हसू ओठांवर टिकलं नाही. बाहेर काहीतरी टिणकन जमिनीवर पडलं. चौकटीचा बारीक स्क्रू. बायकोच्या हातून स्क्रू कधी पडत नसे, पण त्या वेळी ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळाने बाजार बंद व्हायची वेळ गाठली. त्याने ड्रॉवर उघडला. आता कुणाची विनवणी करण्यात अर्थ नव्हता. आकडा ठरला होता. गाळ्यासाठी जमवलेल्या पैशातले जेमतेम एक तृतीयांश उरत होते.

"बाई, बाहेर बसा जरा. नंबर लिहून देतो."

बाई काठी टेकत बाहेर गेल्या. तो ग्राहकाच्या खुर्चीत जाऊन बसला, समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता. तिला कसं सांगायचं, याची त्याने दोन-तीन वाक्यं मनात जुळवली. एकही पुरं होईना.

बायको आत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"ऐक," तो म्हणाला, "मी एक मोठी..."

तिने तिचा मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला. तिचं खातं उघडं होतं. त्यात एकच पुट होता, त्याने या आठवड्यात तिला सांगितलेल्या छत्रीच्या पातळीचा, त्याने विकला होता तेवढ्याच मापाचा. समोरचा आकडा हिरवा होता.

"त्या पातळीपर्यंतचं नुकसान आपल्याला सोसावं लागेल," ती म्हणाली. "त्याखालचं यात भरून आलंय. गाळ्याला थोडे आणखी कमी पडतील. मालकांशी मी बोलेन."

"तुला कसं कळलं?"

"छत्री घेतली की ब्रोकर तारण म्हणून कमी पैसे अडकवून ठेवतो, तुम्हीच शिकवलं होतंत. एका आठवड्यात बँकेतून एकदम दुप्पट गेले. बँकेचे मेसेज माझ्याच फोनवर येतात."

"तेव्हापासून दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

"पैसे कुठून आणलेस?"

तिने काचेतून काउंटरकडे नजर टाकली. तिथे स्क्रू आणि नोजपॅडची डबी उघडी पडली होती. किरकोळ दुरुस्तीचे पैसे तुझे, असं त्यानेच लग्नानंतर कधीतरी उदार होऊन सांगितलं होतं. पुढे तो ते विसरूनही गेला होता.

सुटल्याचा आनंद त्याच्या छातीत दाटून आला आणि त्याच्या मागोमाग शरम आली. शरमेला रागाचा आधार बरा वाटतो.

"मग तोंडावर बोलली का नाहीस? इतके दिवस गप्प राहून गंमत बघत होतीस?"

"गप्प कुठे होते?" ती म्हणाली. "दर आठवड्याला विचारत होते की."

त्याचा राग जागच्या जागी विझला. काउंटरवरचा तो प्रश्न आणि आपलं ते सराईत उत्तर त्याला एकामागून एक ऐकू येऊ लागलं. प्रत्येक वेळी छत्री तिच्याकडे होती. तरी ती विचारत होती.

"झालं का हो?" बाहेरून बाईंचा आवाज आला. "की माझ्या नंबरावर बैठक बसलीय?"

"आलेच, बाई," बायको म्हणाली. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती वळली. नेहमी मान खाली घालून विचारणारी ती या वेळी सरळ त्याच्याकडे बघत होती.

"छत्री घेतली होती?"

"नाही," तो म्हणाला.

तिने मूठ सोडली. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी येऊन बसली. तिचे हात थरथरत होते. ते दुपारपासूनच थरथरत असणार, हे त्याला आत्ता दिसलं.