पेन्सिलीतली अव्वा

२०२४ सालचा जानेवारी. पौष लागला होता, लग्नांचे मुहूर्त थांबले होते, म्हणून राजारामपुरीतलं एक मंगल कार्यालय यशराजला दोन दिवसांसाठी मिळालं. एरवी तिथं जेवणावळी उठायच्या. आता हा पोरगा आणि त्याचे चार मित्र तिथं चित्रकथांची जत्रा भरवणार होते. पाठीशी ना संस्था, ना पुढारी. ज्यानं त्यानं आपली गोष्ट आपण लिहायची, आपण काढायची आणि टेबल मांडून बसायचं. कोल्हापुरात कुस्तीला माणूस लोटतो, चित्रांच्या गोष्टीला कोण येणार, असं सगळेच म्हणाले. यशराजनं ऐकलं नाही.

मंगळवार पेठेतल्या बसलिंगाप्पा पेंटरांची मुलगी शांभवी हिलाही त्यानं भिंतीचा एक भाग दिला होता. शांभवी जयसिंगपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. रोज एसटीनं जायची-यायची. त्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन आणि लगेच झेंडावंदन आलं, म्हणून ती तिथल्याच एका बाईंकडे राहायला गेली. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "अप्पा, कपाटावर फाईल हाय. यशराज शुक्रवारी सांजचं येईल, त्याला द्या."

"झालं व्हय सगळं काढून?"

"झालंय."

एवढंच बोलणं. शांभवीच्या आईला, महानंदाला, जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि बाप-लेकीत तेवढंच बोलणं उरलं होतं. फाईल द्या, दूध आणा, किल्ली शेजारी ठेवलीय.

महानंदा शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. औषधांनी केस गेले, गाल बसले, डोळे मिटलेलेच असायचे. बसलिंगाप्पा खोलीच्या दारापर्यंत जायचे, "पाणी पाहिजे का गं?" म्हणायचे आणि मागं फिरायचे. भित्रा माणूस नव्हता तो. तीन-तीन मजले उंच परांचीवर बसून पाट्या रंगवलेल्या. पण ते तोंड त्यांना बघवत नव्हतं. ती गेली तेव्हा ते दुकानात ब्रश धूत बसले होते. ब्रश आधीच स्वच्छ होते. शांभवी तिच्या उशाशी होती.

बुधवारी त्यांनी फाईल खाली काढली. लेकीची गोष्ट एकदा बघावी, एवढंच मनात होतं. पंधराएक कागद निघाले. सगळे पेन्सिलीचे. चौकटी आखलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत महानंदा. सुरुवातीला स्वयंपाकघरात, मग खाटेवर, मग नुसती उशीवर. पान उलटेल तशी पेन्सिल फिकट होत गेलेली. शेवटच्या कागदावर तर उजेडाकडं धरल्याशिवाय काही दिसेना. मिटलेले डोळे, थोडं उघडं तोंड, बस.

त्यांनी कागद परत पहिल्यापासून चाळले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, असं त्यांना वाटलं. पोरीचं काम अर्धं राहिलंय. शाळेच्या धबडग्यात वेळ मिळाला नाही, आणि आपल्याला सांगायला जीभ रेटली नाही.

त्यांच्या धंद्यात पेन्सिल कच्ची असते. बसलिंगाप्पा म्हणायचे, पेन्सिल म्हणजे सुपारी फुटली, रंग म्हणजे अक्षता पडल्या. मालकानं पेन्सिलीनं आखून द्यायचं, गड्यानं रंग भरायचा, आणि भरताना कुणी कुणाला विचारत बसत नाही. चाळीस वर्षं असंच चाललं होतं, फ्लेक्स येईपर्यंत.

त्यांनी केरबाला बोलावणं धाडलं. केरबा त्यांचा जुना गडी. अक्षरं भरण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. आता एका डोळ्यात मोतीबिंदू घेऊन घरी बसला होता.

"पेंटर, मला एका डोळ्यानं निम्मंच दिसतंय," तो कागदांवर वाकून म्हणाला.

"मग निम्मी मजुरी घे."

"आदी तरी कुठं पुरी देत होतासा?" केरबा हसला, आणि शेवटचा कागद त्यानं डोळ्याजवळ नेला. "वैनी हायत की ह्या."

"व्हय."

"पोरीला इचारलंसा?"

"तिनं आखलंय, आपुन भरायचं. इचारायचं काय त्यात?"

केरबानं मान खाजवली. मग काळ्या रंगाची बाटली हलवत म्हणाला, "केस मी भरतो. वैनींचा अंबाडा मला ठावं हाय."

श्रद्धांजलीच्या फलकांचा बसलिंगाप्पांचा एक नियम होता. घरची माणसं दवाखान्यातला फोटो घेऊन आली, तरी मयताला आजारी दाखवायचं नाही. गाल भरायचे, डोळे उघडायचे, ओठांवर जरा हसू ठेवायचं. माणसं फलकापुढं उभी राहून म्हणायची, पेंटर, आमची आई परत आणलीसा. तोच हात आता चालला. दोन दिवस दोघं बसले. काळ्या रंगानं रेषा ठणठणीत झाल्या. उशीवरची महानंदा उठून बसली, कपाळावर विभूती आणि कुंकू आलं, डोळे उघडले. बसलिंगाप्पांना वर्षभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं. शनिवारी पोर बघेल, आणि आपल्याशी धड बोलेल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

यशराजनं ती पानं आधी पाहिली नव्हती. पेन्सिल इतकी हलकी आहे की झेरॉक्सच्या मशीनवर कागद कोरा येतो, म्हणून मूळ पानंच लावायची, असं शांभवीनं त्याला कळवलं होतं. काळ्याभोर रेषा बघून त्याला वाटलं, तिचा बेत बदलला असेल. शुक्रवारी रात्रीच त्यानं पानं टांगली.

शनिवारी जत्रेला माणूस आला, तोही बऱ्यापैकी. शांभवी जयसिंगपूरहून थेट कार्यालयात पोचली, तेव्हा तिच्या भिंतीपुढंच गर्दी होती. कुणी म्हणत होतं, "काय रेषा आहे! जुन्या बोर्डाची आठवण आली." इस्त्रीचा शर्ट घालून बसलिंगाप्पा बाजूला उभे होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेली. सावकाश. मग त्यांच्याजवळ आली.

"कुणी केलं हे?"

"मी. आणि केरबा. अर्धं ऱ्हायलं होतं न्हवं का तुझं."

"ऱ्हायलं नव्हतं. झालंय म्हणून सांगितलं होतं मी."

"अगं, पण दिसतच नव्हतं काय."

"दिसत नव्हतीच अप्पा ती. शेवटी शेवटी दिसायचीच न्हाय." तिचा आवाज चढला नाही. "उशाला बसून काढत होते मी. रोज. तिच्याकडं बघून. हे मागनं आठवून काढलेलं न्हाय."

बसलिंगाप्पांनी शेवटच्या पानाकडं बघितलं.

"अव्वानं डोळे उघडले नव्हते. तुम्ही उघडले."

"पुसता येतंय का बघूया," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं. काळ्या रंगाखालची पेन्सिल कुणाला पुसून परत आणता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मला तिचं तोंड ध्यानात ठेवायचं होतं," शांभवी म्हणाली. "जसं होतं तसं. तेवढीच कागदं होती."

यशराज धावत आला. पानं उतरवू का, म्हणाला. ती नको म्हणाली. भिंतीवर तिच्या नावाची चिठ्ठी होती, ती तिनं काढली, मागच्या बाजूला वडिलांचं नाव लिहिलं आणि परत डकवली. "हे त्यांचं काम हाय. चांगलंच केलंय. त्यांना बसूंदे इथं." आणि पिशवी उचलून निघून गेली.

बसलिंगाप्पा दोन्ही दिवस त्या टेबलाशी बसले. उठून जावं तर काम सोडून गेल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं असावं. बायामाणसं येत होती, डोळे पुसत होती. एक म्हातारी म्हणाली, "पेंटर, किती जीव होता हो तुमचा बायकोवर." ते हात जोडत होते. महानंदा पंधरा कागदांवरून त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

जत्रा त्यानंतर आणखी एकदाच भरली. यशराजला बंगळूरला मोबाईलवरच्या खेळांची चित्रं काढायची नोकरी लागली, आणि मागं राहिलेल्या मित्रांना ते झेपलं नाही. केरबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो आता जावयाच्या फ्लेक्सच्या दुकानात स्टुलावर बसतो आणि अक्षरांमधल्या अंतरावरून पोरांशी भांडतो. पानं विकत मागायला एक-दोघं आले होते. बसलिंगाप्पांनी दिली नाहीत, लावलीही नाहीत.

शांभवीनं जयसिंगपुरात खोली घेतली. सणाला यायची, वडिलांचे कपडे धुवायची, औषधं भरून ठेवायची, आणि वेळेच्या गाडीनं परत जायची. घरात दोघांचं भांडण कधी झालं नाही. त्या शनिवारचा विषयही कुणी काढला नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात बसलिंगाप्पांना अर्धांगाचा झटका आला. शांभवी रजा घेऊन आली. शेवटचे काही दिवस ते बोलत नव्हते, डोळे अर्धवट मिटलेले असायचे. ती खाटेजवळ खुर्ची ओढून बसायची. शाळेची पिशवी पायाशी असायची, तिच्यात कागद होते, पेन्सिली होत्या. ती काढत नव्हती. नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची, दारातून कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही.

आता ती जयसिंगपुरातच असते. मुलांना फळं, भांडी, निसर्गचित्र शिकवते. माणसाचा चेहरा काढायला मुलांनी हट्ट केला, तर फळ्यावर ती अंडाकृती आखून देते आणि म्हणते, पुढचं तुमचं तुम्ही काढा.