जमिनीबरोबर

कार्यालयातला एखादा रकाना रिकामा राहिला की आपल्याकडे माणसाला झोप येत नाही. चुकीचा भरला, की मात्र छान लागते! पिपरी मेघे गावच्या अनुपचंही तसंच झालं. मृदसंधारणाच्या कामावर नेमलेला हा तरुण सर्वेक्षक कामचुकार नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कामचुकाराची चूक निदान लवकर सापडते.

गिरड गावाच्या पलीकडे एका टेकडीच्या उतारावर त्याने दोन वर्षांपूर्वी बारा लोखंडी सळया ठोकल्या. पावसात किती माती वाहून जाते आणि खालच्या तलावात किती गाळ येतो, याचा अंदाज काढायचा होता. रीत सोपी. सळई खडकाला टेकेपर्यंत ठोकायची आणि डोकं मातीशी बरोबर ठेवायचं. माती धुपली की सळई उघडी पडते. जेवढी उघडी, तेवढी माती गेली.

ते शेत आनंदराव आणि रुखमा या गोंड नवरा-बायकोचं. दोन एकर. बारा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांना त्याचा वनहक्काचा पट्टा, म्हणजे जमिनीचा सरकारी कागद, मिळाला होता. अनुपला परतायची घाई होती. हातोडा पिशवीत टाकता टाकता तो रुखमाला म्हणाला, "मावशी, ह्या सळया सरकारी आहेत. जमिनीबरोबर राहिल्या पाहिजेत. लक्ष ठेवजा."

सळया कशासाठी, ते काही त्याने सांगितलं नाही. म्हातारीला काय कळणार, असं वाटलं असेल. आपल्यातल्या किती शिकलेल्यांना असंच वाटतं!

पावसाळा सरल्यावर तो मोजायला आला. शून्य. दुसऱ्या वर्षीही शून्य, तेही बाराच्या बारा सळयांना. इथे त्याला शंका यायला हवी होती, पण सोयीच्या आकड्यावर शंका कोण घेतो? 'झीज नगण्य' असं लिहून त्याने अहवाल पाठवला आणि बांधबंदिस्तीच्या यादीतून तो उतार गळाला.

यंदा उन्हाळ्यात आनंदराव एसटीने कार्यालयात आला. दुपट्ट्याच्या गाठीत, वावरातली माती जाऊन उघडा पडलेला मुरूम बांधून आणला होता. तुरीची मुळं दर पावसाळ्यात उघडी पडतात, तलाव गाळाने अर्धा भरलाय, पावसाच्या आत बांध घालून द्या, नाहीतर वावर जाईल, असं तो हात जोडून सांगत होता. अनुपने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला आणि शून्यावर बोट ठेवलं.

"कागदावर असंन, साहेब," आनंदराव म्हणाला. "माह्या वावरात नाई."

त्याने गाठ पुन्हा बांधली आणि तो परत गेला.

जुलैत एका दुपारी असा पाऊस कोसळला की उतारावरचं पाणी वावर चिरत गेलं. आठवड्याने अनुप तिथे पोचला, या वेळी न कळवता. तुरीचा पत्ता नव्हता. जिकडे तिकडे मुरूम आणि धोंडे. त्यात रुखमा उकिडवी बसून लोखंड कापायच्या आरीने एक सळई कापत होती.

"मावशी, हे काय करून राह्यल्या तुमी?"

ती दचकली. आरी पदराआड गेली.

"झालंच साहेब, दोनच राह्यल्या. तुमीच तं सांगतलं होतं, जमिनीबरोबर राह्यल्या पायजे. ठोकलं तं आत जात नाई, खाली खडक हाय. मंग दर पावसानंतर कापून बरोबर करतो. पट्टा जाईन ना, नाई तं."

मग तिने घरातून तेलाचा जुना डबा आणला. आत कापलेले तुकडे होते, दोन वर्षांचे सगळे. सरकारी लोखंड म्हणून तिने एकही फेकला नव्हता. अनुपने ते ओळीने मांडून मोजले. हातभर मातीतली वीतभराहून जास्त गेली होती. खरा आकडा दोन वर्षं त्या डब्यात पडून होता!

मग त्याने दोघांना सळयांचा अर्थ सांगितला. एव्हाना आनंदरावही येऊन धोंड्यावर बसला होता; तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"साहेब, माती किती गेली थे इचारलं असतं, तं मी बोटानं दाखवली असती," तो म्हणाला. "आन् सळई ठोकलीच, तं कायले ठोकली थे तरी सांगाचं. आमाले वाटलं, सरकारनं राखणीले देली. आमी सळया राखल्या. माती राखाची राहून गेली."

रुखमाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. "पट्टा तं नाई ना जाणार, साहेब?"

पट्टा जाणार नव्हता. त्यावर दोन एकर अजून तसेच लिहिलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी अनुपने तो डबा वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. 'मागचे दोन्ही आकडे चुकीचे आहेत, चूक माझी आहे,' असं त्याने सहीनिशी लिहून दिलं. पुढच्या वर्षीच्या यादीत उतार आला. पण तलावाच्या तळाशी बसलेली माती काही टेकडी चढत नाही. आनंदराव आता हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जातो.

मंडळी, मोजायला जाल तेव्हा काय मोजताय आणि कशासाठी, ते आधी त्या जमिनीवर राबणाऱ्याला सांगा, आणि त्याचंही ऐका. न समजावता दिलेला हुकूम माणसं जिवापाड पाळतात, आणि त्याची किंमत तीच भरतात.

अनुप आता प्रत्येक सळईपाशी शेतकऱ्याशेजारी खाली बसतो आणि सांगतो, "ही उघडी पडू द्या. पडली की मले फोन करा." रुखमाच्या वावरात मात्र त्याला नव्या सळया ठोकता आल्या नाहीत. तिथे आता ठोकायला माती उरलेली नाही.