कांद्याच्या पुडीचा डोस

निवृत्त माणसाने घरात नेमकं कुठे बसावं, याची सोय अजून कोणत्याही घर बांधणाऱ्याने केलेली नाही. कंपाउंडरांनी पहिले आठ दिवस बाहेरच्या खोलीत काढले, पुढचे आठ गॅलरीत, आणि सतराव्या दिवशी ते स्वयंपाकघरात शिरले. तिथे त्यांची बायको चाळीस वर्षं एकहाती कारभार करत होती. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला नवऱ्यासकट सगळे बाईच म्हणत. बाईंनी विचारलं, काय हवंय. कंपाउंडर म्हणाले, काही नाही. स्वयंपाकघरात शिरलेल्या पुरुषाने दिलेल्या उत्तरांत याहून धोक्याचं उत्तर नाही.

अडतीस वर्षं त्यांनी एकाच डॉक्टरच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या आणि मिश्रणं ढवळली होती. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाक हे तेच काम आहे, फक्त इथे कोणी काही मोजत नाही. चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या की त्याची किंमत दर घरात वेगळी निघते, आणि आता जरा बाजूला व्हा, फोडणी उडेल.

मग त्यांना कांद्याची पूड सापडली. कांद्याचे कागदासारखे काप करायचे, गॅलरीत मलमलीखाली चार दिवस वाळवायचे, उरलासुरला ओलावा मंद ओव्हनमध्ये घालवायचा आणि खलात घोटायचे. वास इमारतभर पसरला. वरच्या मजल्याने खिडक्या लावून घेतल्या, खालच्याने आज काय बेत म्हणून विचारलं. पहिली पूड आठवड्यात दगड झाली. बाईंनी ती बरणी दोन दिवस दाराला अडसर म्हणून वापरली. दुसऱ्या खेपेला कंपाउंडरांनी पुडीत तांदळाच्या दाण्यांची इवलीशी पुरचुंडी ठेवली. पूड सुटी राहिली. मग त्यात लसणाची पूड, मिरं, जिरं, धणे, लाल तिखट आणि चिमूटभर साखर असं तराजूवर तोलून त्यांनी चोळायचा मसाला केला. बटाट्यांना, मासळीला, कोंबडीला चोळायचा, अर्धा तास ठेवायचं आणि भाजायचं. मीठ घातलं नाही. मीठ ज्याचं त्याने बघावं, असं त्यांचं तत्त्व होतं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून बारा घरची माणसं जेवायला यायची होती. निघताना त्यांच्या हातावर ठेवायला बाईंनी स्टीलचे डबे पाहून ठेवले होते. कंपाउंडर म्हणाले, मसाला देऊ.

"म्हणजे लोकांना जेवायला बोलवायचं," बाई म्हणाल्या, "आणि जाताना सांगायचं, हे घ्या सामान, आता घरी जाऊन तुमचं तुम्ही करा."

बरीच घासाघीस झाल्यावर बाईंनी अट घातली. बारापैकी एका तरी घराने महिन्याच्या आत, आपण न विचारता, संपला म्हणून पुन्हा मागितला, तर ओट्याखालचा खालचा कप्पा आणि दुपारची शेगडी कायमची कंपाउंडरांची. कोणी मागितला नाही, तर खल, तराजू आणि मलमल माळ्यावर, आणि कंपाउंडरांनी रोज सकाळी दादाबरोबर बागेत जायचं.

दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. ते बागेतल्या एका बाकावर समवयस्कांच्या टोळक्यात बसत आणि तिथे फक्त पोट या एकाच विषयावर चर्चा होई. दादांचं पोट तीस वर्षं बिघडलेलं होतं. ते बरं झालं असतं तर त्यांना बाकावर बोलायला काही उरलं नसतं, असं बाईंचं मत होतं. कंपाउंडरांनी त्या बाकावर एकदा अर्धा तास काढला होता. अट ऐकून ते पुन्हा एकदा मसाला तोलायला गेले.

बाटल्या डॉक्टरांनी दिल्या, रुंद तोंडाच्या, तपकिरी. कंपाउंडरांचा हात सवयीने चालला. प्रत्येक बाटलीला त्यांनी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवली, जुन्या मिश्रणाच्या बाटल्यांना लावत तशी, खुणाखुणांची. एक खूण म्हणजे चौघांपुरते बटाटे. वर नंबर घातला, तारीख घातली. आत काय आहे ते मात्र लिहिलं नाही. बाटलीत काय आहे हे न लिहिता किती घ्यायचं तेवढं सांगायचं, हा अडतीस वर्षांचा शिरस्ता. बाकी सगळं त्यांनी पाहुण्यांना दाराशी तोंडी समजावलं, पाहुणे चपला शोधत असताना. चपला शोधणाऱ्या माणसाला सांगितलेलं काही त्याच्या कानात शिरत नाही, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यानंतर कंपाउंडर काही ना काही निमित्ताने लोकांकडे जाऊ लागले. न विचारण्याची अट होती, न बघण्याची नव्हती. पट्टीमुळे पातळी लांबूनही वाचता येई. डॉक्टरांनी बाटली औषधांच्या कपाटात शोभेला ठेवली होती, सीलसकट. शेजारच्या शिंपीणबाईंकडे मात्र तीन खुणा उतरलेल्या दिसल्या आणि कंपाउंडर चार पायऱ्या एकदम चढत घरी आले. बाईंनी संध्याकाळी शिंपीणबाईंना सहज विचारलं. त्यांनी सांगितलं की फार गुणाची पूड आहे, मशीनखाली टाकल्यापासून मुंगी फिरकलेली नाही. बाईंनी हे नवऱ्याला जसंच्या तसं कळवलं आणि माळ्यावरचं सामान हलवून जागा करून ठेवली.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी दादा आले. बाई मटार सोलत होत्या, कंपाउंडर त्यांना सोललेले मोजून देत होते. दादांनी खिशातून तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. रिकामी, धुतलेली.

"दाजी, दुसरी द्या," दादा म्हणाले. "संपली."

बाईंचे हात थांबले. कंपाउंडरांना वाटलं, भिंतीवरच्या घड्याळानेही ऐकलं असावं. ते उठले, पण दादा अजून बोलत होते. तीस वर्षांत डॉक्टरांना जमलं नाही ते या बाटलीने केलं, असं ते सांगत होते. सकाळ-संध्याकाळ एक खूण, कोमट पाण्यातून, नाक दाबून. चव भयंकर, पण ज्याला चांगली चव असते ते औषध कसलं. पोट असं हलकं झालंय की बाकावर कोणाचा विश्वास बसत नाही, दोघांनी तर बोलणंच टाकलंय.

बाईंनी ओठ घट्ट मिटून मटाराच्या शेंगा पाहिल्या. त्या हसल्या नाहीत. पण एक दाणा टणकन उडून जमिनीवर गेला, आणि त्यांच्या हातून असा दाणा कधी सुटत नसे.

कंपाउंडर उभेच राहिले. गप्प बसलं की काम झालं. कप्पा त्यांचा, शेगडी त्यांची. आणि यात फसवणूक तरी कसली? डॉक्टरांच्या सांगण्यावरून गुलाबी रंगाच्या पाण्याच्या शेकडो बाटल्या त्यांनी स्वतः भरल्या होत्या आणि लोक ठणठणीत झालेले पाहिले होते. तेव्हा त्यांची पापणीही लवली नव्हती. पण त्या पाण्यासाठी त्यांनी चार दिवस कांद्याची राखण केली नव्हती. नाक दाबून, हे दोन शब्द त्यांना सोसवेनात.

"दादा, ते औषध नाही," ते म्हणाले. "मसाला आहे. बटाट्यांना चोळायचा."

दादांनी बाटली उचलली, पट्टी बघितली, नंबर बघितला, पुन्हा खाली ठेवली. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, की अडतीस वर्षं त्या खिडकीतून दाजी लोकांना नेमकं काय देत होते. या प्रश्नाचं उत्तर कंपाउंडरांकडे होतं, म्हणूनच त्यांनी मटार पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

बाईंनी मटाराचं ताट बाजूला सारलं. त्या म्हणाल्या की बाटली मागितली गेली, न विचारता मागितली गेली. कशासाठी मागावी हे अटीत लिहिलेलं नव्हतं. गणित मांडणाऱ्याने कलम सोडलं तर गुण सोडवणाऱ्याला द्यावे लागतात.

"नको," कंपाउंडर म्हणाले. "औषध म्हणून मागितलेली धरायची नाही."

"कलम मी सोडलंय, मी सांगतेय ना, धरली म्हणून."

"मसाला करणारा मी आहे ना? नाही धरायची."

नवरा स्वतःच्या तोंडाने हरतोय, हा प्रसंग चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आला असल्यामुळे बाईंना काय करावं सुचेना. त्यांनी कॅलेंडर बघितलं. मग म्हणाल्या, महिना संपायला अजून दोन दिवस आहेत. दादा, जेवून जा. आणि अहो, शेगडी पेटवा.

कंपाउंडरांनी बटाट्यांचे समान तुकडे केले, चार-दोन तर तराजूवर ठेवून पाहिले. घरातल्या बाटलीतली एक खूण काढली, तेलाचं बोट लावून चोळली, दादांना विचारून मीठ घातलं, आणि घड्याळ लावून अर्धा तास सगळ्यांना ताटकळत ठेवलं. दादा या वेळात एकदाच बोलले. आपण इथे फक्त बहिणीसाठी बसलो आहोत, असं त्यांनी खिडकीला सांगितलं.

बटाटे आले. दादांनी पहिला तुकडा सवयीने नाक दाबून तोंडात टाकला. चावता चावता त्यांचा हात नाकावरून खाली आला. दुसरा तुकडा त्यांनी नाक मोकळं ठेवून खाल्ला. पाचव्यानंतर कोणी मोजले नाहीत. बाईंनीही नाहीत, आणि त्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजत चढणाऱ्या. शेवटी दादांनी ताटलीच्या कडेला लागलेला मसाला बोटाने पुसून घेतला आणि आणखी आहेत का ते विचारलं. नव्हते.

"बाटली द्या," ते म्हणाले. "वहिनीला करायला सांगतो."

दादांची बायको ती बाईंची वहिनी, या हिशेबाने हे बाईंना उद्देशून होतं, पण उठले कंपाउंडर. त्यांनी आतून नवी बाटली आणली. दादांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. घाईत पट्टी लावायची राहिली होती.

"पट्टी लावा की," दादा म्हणाले. "सकाळची खूण मी बंद करणार नाही. पट्टी नसली की किती घ्यायचं ते कसं कळणार?"

कंपाउंडर कात्री शोधायला लागले. बाई ओट्यापाशी खाली बसल्या आणि खालच्या कप्प्यातले आपले डबे एकेक करून वरच्या फळीवर लावू लागल्या. शेवटचा डबा ठेवून झाल्यावर त्यांनी पदराला हात पुसले, नव्या बाटलीसाठी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि फळ्यावरच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: मसाला. जेवणात घालायचा. मग थोडा विचार करून खाली लिहिलं: दादांची सकाळची खूण सोडून.