मागच्या सीटवरची झोप

माझे वडील रामहरी तात्या बारामतीच्या एका साप्ताहिकात तेवीस वर्षं गाड्यांवर लिहीत होते, आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते. इंदापूरकडे तात्यांचा विषय निघाला की लोक पहिलं हेच ऐकवतात, आणि बारामतीकडे निघाला की हेच कौतुकानं सांगतात. मधल्या मध्ये मी, संजीवनी, त्यांची एकुलती एक लेक आणि कायमची ड्रायव्हर.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कुणी नवी गाडी घेतली की पूजा व्हायची, चाकाखाली लिंबं चिरडायची, नारळ फुटायचा, आणि मग मालक गाडी आमच्या जळोचीच्या घरापुढं आणून लावायचा. तात्या चपला काढून मागच्या सीटवर आडवे व्हायचे आणि तोंडावर टॉवेल घ्यायचे. मी स्टेअरिंगवर, मालक माझ्या शेजारी जीव मुठीत धरून. सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. तात्यांना झोप लागली तर गाडी चांगली. जागे झाले की पाणीसुद्धा न पिता ते मला पडलेलं स्वप्न सांगत, मी ते वहीत उतरवून घेई, आणि तेच छापून येई. इंजिन, ब्रेक, मायलेज यांचं नावही नाही.

एका जुन्या जीपमध्ये त्यांना दिसलं, की दोन्ही बाजूंचा ऊस वाकून टपावरून हात फिरवतोय. एका ट्रॉलीत त्यांची आई भेटली. ती जाऊन तीस वर्षं झाली होती. ती म्हणाली, "रामा, केस किती वाढवलेस!" ते छापून आलं आणि त्या महिन्यात निमगावातल्या चार जणांनी तसलीच ट्रॉली घेतली, आई भेटते म्हणून. एका भारी मोटारीवर मात्र त्यांनी तीनच वाक्यं लिहिली: "गाडी उत्तम आहे. मला झोप लागली नाही. ती फार बोलते." विक्रेत्यानं वकिलाची नोटीस पाठवली. तात्या ती उशीखाली घेऊन दुपारी झोपले आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी तिचंही परीक्षण छापलं. नोटीस कडक आहे, मान अवघडली.

असा माणूस मेल्यावर भांडणं होणारच. सुप्याचे गेणबा टेम्पो चालवतात. ते म्हणतात, "तात्यानं झोप काढलेली गाडी घ्यावी. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची तर एक हिसका बसत न्हाय." इंदापूरचा एक गॅरेजवाला म्हणतो, "दुसऱ्याच्या गाडीत घोरणारा माणूस पत्रकार कसला?" मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचाही राग येतो.

गेल्या श्रावणात तात्या गेले, घरातच, साध्या खाटेवर. या श्रावणात वर्ष होईल, तेव्हा त्यांच्या लेखांचं पुस्तक काढायचं साप्ताहिकाच्या संपादकानं, दीपकनं, ठरवलं. मे महिन्यात तो मुद्रितं घेऊन आला. चहा झाला तरी तो उठेना. मग म्हणाला, "पिकअपचा लेख वगळू या का? पळसदेवच्या बाईनं निरोप धाडलाय. तो छापला तर म्हणते भर समारंभात येऊन फाडते."

पळसदेवची बाई म्हणजे कौसल्यावहिनी. बारा वर्षांपूर्वी तो लेख वाचून तिच्या नवऱ्यानं, नागेशनं, डबल केबिनची पिकअप घेतली. लेखाचं कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून त्यानं काचेजवळ चिकटवलं होतं. तीनच महिन्यांनी, आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी मिरची विकून परत येताना त्याला स्टेअरिंगवर डुलकी लागली. गाडी हमरस्ता सोडून बाभळीवर गेली. गाडीत तो एकटाच होता. तेव्हापासून निम्मा इंदापूर तालुका म्हणतो, की रामहरीच्या स्वप्नानं माणूस खाल्ला.

"वगळू नको," मी म्हटलं. "मला दोन दिवस दे."

आता खरं सांगते. तो लेख तात्यांचा नव्हता. त्या पौषात ते तापानं फणफणले होते, सांधे धरले होते, कूस बदलता येत नव्हती. पिकअप दारात आलेली, अंक दोन दिवसांवर. मी म्हटलं, मी एकटीच चक्कर मारून येते. खरं तर मला कितीतरी वर्षं स्वतः काही लिहायचं होतं. नुसतं उतरवून घ्यायचा कंटाळा आला होता मला, आणि हेवाही वाटायचा. इंदापूरहून परत येताना मी वाट वाकडी केली, पळसदेवला गाडी उजनीच्या पाण्याकडेला उभी केली, मागच्या सीटवर गेले आणि झोपले.

काय स्वप्न पडलं म्हणून सांगू! पाणी काठोकाठ होतं आणि गाडी त्यात उतरली, एक थेंबही आत न येता. खाली धरणात बुडालेलं जुनं पळसदेव जसंच्या तसं होतं. बायका ओट्यावर बसून गहू निवडत होत्या, मासे त्यांच्या खांद्यावरून जात होते आणि त्या पदरानं त्यांना हाकलत होत्या. देवळापाशी एका म्हाताऱ्यानं हात केला. मी स्टेअरिंग सोडलं, डोळे मिटले, आणि गाडी आपली आपण वळणं घेत मला घरी घेऊन आली. मी उठले ती रडतच, इतकं ते गोड होतं. घरी येऊन एका बैठकीत लिहिलं आणि खाली तात्यांचं नाव घातलं.

ताप उतरल्यावर त्यांनी अंक वाचला. दोनदा वाचला.

"संजे," ते म्हणाले, "ह्यात डायवर झोपलाय गं. माझ्या सपनात कवाच डायवर झोपत न्हाय. मी झोपतो. मला झोपायची मुभा हाय, कारण तू जागी असतीस."

मला राग आला. चार लोकांनी लेख वाचून दाखवला, एकानं फोन करून रडून दाखवलं, आणि ह्यांना ड्रायव्हरचं पडलंय! मी तोंड फुगवून बसले. आखितीला नागेशची बातमी आली तेव्हा तात्या माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. पण त्यानंतरच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी एक ओळ येऊ लागली: गाडी संजीवनी चालवत होती, ती जागी होती. वाचकांना वाटलं, म्हाताऱ्याची नवी लहर. मला दर आठवड्याला ती थोबाडीत बसायची. ती ओळ मलाच उतरवून घ्यावी लागायची, माझ्याच अक्षरात.

दीपक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढून पळसदेवला गेले. मे महिन्यात पाणी पार आत सरकलेलं असतं. जुनं देऊळ उघडं पडलं होतं, शिखरावर बगळे बसले होते. पाणी उतरलेल्या जमिनीत लोकांनी गाळपेर केली होती, काकडी आणि कलिंगडं. मी चालत होते ती जागा चार महिन्यांपूर्वी होडीखाली होती. पायाखाली शिंपले कुडकुड वाजत होते. मला एकदम असं वाटलं, की मी त्याच लेखातून चालते आहे, फक्त पाणी कुणीतरी काढून घेतलंय. ओट्यांचे दगड होते, बायका नव्हत्या.

कौसल्यावहिनी काकड्या तोडत होती. पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, डोक्याला मुंडासं बांधलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं हातातली पाटी खाली ठेवली.

"तुमी रामहरी तात्याच्या लेक व्हय? पुस्तकासाठनं आलाय. छापू नगा म्हणलं तर छापू नगा."

"पुस्तकासाठी नाही आले, वहिनी."

"मग बसा. तुमचा बाप बी हितंच बसायचा."

मला कळेना. "तात्या? इथं?"

"दर आखितीच्या दुसऱ्या दिशी. अकरा वरसं. तुमास्नी ठावं न्हाय?"

नव्हतं मला ठाऊक. आखिती झाली की तात्या यष्टीनं भिगवणला जायचे, मासे खायला. घरात चालत नाही म्हणून तिकडं खातो म्हणायचे. मी गाडीनं सोडते म्हटलं तर नको म्हणायचे. परत आल्यावर अंगाला माशाचा वास नसायचा, आणि मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

"यायचा, खाली बसायचा," कौसल्यावहिनी म्हणाली. "मी शिव्या द्यायची. त्वांडात यील त्या. ह्यो ऐकायचा. दुसऱ्या वरशी मी चप्पल फेकून मारली. उठला, चप्पल उचलली, आणून माझ्या पायापाशी ठिवली, आन् परत बसला. म्हणायचा, नाव माझं छापलंय, तवा शिव्या मलाच. दमले की म्हणायचा, झालं का पोरी? मग जायचा. पैलं पैलं वाटायचं, कशाला येतोय मेला. मग कळाय लागलं, की वरीसभर मला रडू येत न्हाय, त्यो आल्यावरच येतं."

पाण्याच्या अंगानं वारा आला, काकडीची पानं उलटी झाली.

"मेल्याचं पेपरात वाचलं व्हतं मी. तरी ह्या आखितीला दुसऱ्या दिशी हितंच बसून राहिले. दिस मावळस्तवर."

इतकी वर्षं मी ज्या ओळीला चपराक समजत होते, ती ओळ लिहून तो माणूस माझ्यासाठी साक्ष देत होता, आणि मला न सांगता इथं येऊन माझ्या वाटणीचं ऐकून घेत होता. आता गप्प बसले असते तर कुणालाही कधीच कळलं नसतं. तात्या जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि मेलेल्या माणसाला आणखी चार शिव्या काय जड आहेत? हा विचार माझ्या मनात आला. आला हे मी लपवणार नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "तो लेख तात्यांनी लिहिला नाही. मी लिहिला. ते तापात होते. गाडी आपली आपण चालते, हे मी लिहिलं. तात्यांनी ते कधीच लिहिलं नसतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चप्पल येणार, आणि आली तर बरं, असंही वाटलं.

"आन् त्याला ठावं व्हतं?"

"हो."

"मग मी अकरा वरसं शिव्या कुणाला दिल्या?"

ती खाली बसली, मातीत, पाटीला टेकून. रडली नाही. मुंडासं सोडून तिनं तोंड पुसलं.

"पुस्तकात खाली माझं नाव घालायला सांगते," मी म्हटलं. "सगळ्यांना कळू दे."

"घाल न्हायतर नगं घालू. मला काय करायचंय तुझ्या पुस्तकाचं?" तुमीचं तू झालं होतं. ते ऐकून मला, का कोण जाणे, हायसं वाटलं. ती उठली, पाटी कमरेवर घेतली आणि ओळीतून चालायला लागली. मी तिथंच उभी. दहा पावलं जाऊन ती वळली.

"फुडल्या आखितीला तू यायचं. दुसऱ्या दिशी. दर वरशी."

"येईन."

"यष्टीनं ये. माझ्या दारात गाडी आणायची न्हाय."

मी मान हलवली. ती काकड्या तोडायला वाकली, आणि वाकूनच, माझ्याकडे न बघता, तिनं पहिली शिवी दिली.