धाकूचा डावा गाल

बायकांचे पार्ट तेव्हा पुरुषच करत, आणि कल्याणच्या नाटकमंडळीत नायिका म्हणजे धाकू, हे कुणाला विचारावं लागत नसे. कोलशेतच्या मिठागरात राबणाऱ्या घरातला हा गडी लुगडं नेसून उभा राहिला, की भल्याभल्यांचं पान चघळायचं राहून जाई. पण १८९५ साली हिवतापानं त्याला धरलं, आणि सोडलं तेव्हा दोन्ही गाल आत गेलेले. मंडळीचे मालक गोविंदराव सरळ म्हणाले, की चैत्रातल्या खेळापर्यंत गाल दिसले नाहीत तर धाकूनं दाढी लावून राक्षस व्हावं.

राक्षस! धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं गालांत कापसाचे बोळे भरून पाहिले. चेहरा झकास दिसला, पण पहिल्याच तानेला एक बोळा सारंगीवाल्याच्या मांडीवर जाऊन पडला.

अशात ठाण्याच्या ह्युबर्ट डॉक्टरांचं नाव कानावर आलं. जर्मनीत एका सर्जननं माणसाच्या दंडातली चरबी काढून त्याच्याच खोलगट चेहऱ्यात भरली, असं त्यांनी वाचलं होतं, आणि स्वतः करून पाहायला त्यांचे हात शिवशिवत होते. चरबी रुजली तर रुजली, नाहीतर विरघळून जाईल, असं त्यांनी बजावलं. धाकूनं तेवढंच नेमकं ऐकलं नाही. त्याच्या दंडात काही सापडेना. जिथं थोडी चरबी सापडली ती जागा चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. त्याची बायको सगुणा तोंडाला पदर लावून इतकी हसली, की डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं.

क्लोरोफॉर्म झाला, टाके झाले. पट्ट्या सुटल्या आणि धाकू आरसा सोडीना. गाल भरले होते! बातमी गावभर झाली, खेळाची तिकिटं हातोहात गेली.

आणि खेळ तोंडावर आला असताना उजवा गाल बसायला लागला. रोज थोडा थोडा. खेळाच्या दिवशी डावा गाल टुमटुमीत आणि उजवा होता तसा खोल. मालकांना सांगायची सोय नव्हती. लुगडं नेसवताना सगुणानं त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं. धाकूचा जीव टांगणीला लागला होता.

"येक बाजू हाय ना," ती म्हणाली. "तीच दाखवायची."

धाकू रंगमंचावर शिरला तो एका अंगानंच. डावा गाल लोकांकडं, उजवा पडद्याकडं. नायकानं समोर यावं, तर ह्यानं मान फिरवावी. नायक बिचारा गोंधळून गेला. मांडवातल्या लोकांना वाटलं, काय ही लाज, काय हा नखरा! टाळ्या थांबेनात, वन्समोअरवर वन्समोअर. पुण्याकडची ही नवी तऱ्हा असणार, असं पुढच्या रांगेतले जाणकार एकमेकांना सांगत होते. धाकू आत येताच गोविंदरावांनी त्याला मिठी मारली आणि बायकांचे पार्ट करणाऱ्या बाकीच्यांनीही मान अशीच फिरवावी, असा हुकूम सोडला. राक्षस टळला होता. धाकूला नाचावंसं वाटत होतं.

रंग उतरवायला सगुणा खोबरेल घेऊन बसली. धाकूनं तिच्यापुढंही डावाच गाल केला. तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड फिरवलं.

"त्यो लोकांचा," ती म्हणाली. "माजा ह्यो."

आणि तिनं उजव्या गालापासून रंग पुसायला घेतला.