बिनकाट्याचा भात

मित्रांनो, माझा काळा रंग पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी कढई आहे, बिडाची. उचलायला जड आणि एकाच कानाची. दुसरा कान बाजारात येतानाच तुटला होता. त्यामुळे शहापूरच्या दुकानात मी कितीतरी दिवस कोपऱ्यात पडून होते. १९९१ साली सापगावच्या चंद्राबाईने मला घरी आणलं. तिने मला विटेच्या तुकड्याने घासलं, तेल चोळलं आणि चुलीवर तापवलं. असं रोज केलं, तेव्हा कुठे माझं अंग गुळगुळीत झालं.

चंद्राबाईचा नवरा बारकू भाताची शेती करायचा आणि सवड मिळाली की भातसा नदीवर गळ घेऊन बसायचा. मासे आले की रात्री ते माझ्यात तळले जात. उरलेल्या तुकड्यांचा सकाळी शिळ्या भाताबरोबर मासळीभात व्हायचा. तो चंद्राबाईला फार आवडायचा. माझ्या बुडाशी लागलेला कुरकुरीत थर ती कुणालाच द्यायची नाही.

पुढे तिला काचबिंदू झाला. डॉक्टरांकडे जायला उशीर झाला होता. हळूहळू तिचं दिसणं पार थांबलं. त्यातच एकदा जेवताना तिच्या घशात माशाचा काटा अडकला. बारकूने आणि मुलगा महेंद्रने तिला रिक्षात घालून शहापूरला नेलं. काटा निघाला, पण बापलेक फार घाबरले. यापुढे आईला मासे वाढायचे नाहीत, असं महेंद्रने ठरवून टाकलं. चंद्राबाईही म्हणाली की तिला आताशा मासे नकोसेच वाटतात. सगळ्यांना ते खरं वाटलं.

मग महेंद्रचं लग्न झालं आणि वंदना या घरात आली. महेंद्र कसाऱ्याला रेल्वेत कामाला होता. घरात दिवसभर या दोघीच असायच्या. ज्या दिवशी मासे असतील, त्या दिवशी सासू डाळभाताचं ताट घेऊन पडवीत जाऊन बसते आणि निम्मं टाकते, हे वंदनाने पाहिलं होतं. एका दुपारी मासे तळून झाले आणि मी निवले, तेव्हा चंद्राबाई चाचपडत चुलीपाशी आली. माझ्या काठावर हात ठेवून ती वाकली आणि वास घेत तशीच उभी राहिली. वंदना दारातून बघत होती. काही हवंय का, असं तिने विचारलं. कढई घासली का ते बघत होते, असं म्हणून चंद्राबाई निघून गेली.

दुसऱ्या दिवशी महेंद्र कामावर गेला, बारकू शेतावर गेला. वंदनाने उरलेले तुकडे ताटात घेतले. ती एकेक तुकडा मोडू लागली. आधी मधला काटा काढला, मग बाजूचे बारीक काटे. शेवटी तिने डोळे मिटून सगळा मासा बोटांनी पुन्हा चाचपला. मग माझ्यात तेल तापलं, ठेचलेला लसूण पडला, कांदा, मिरची, हळद पडली. मासा हलक्या हाताने परतून तिने वर मोकळा केलेला शिळा भात घातला, पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवलं.

ताट पुढे आलं, तेव्हा चंद्राबाईने हात मागे घेतला.

"महेंद्र रागवल."

"त्यांना मी सांगेन, आई."

"मला भ्या वाटतं गो."

वंदनाने तिचा हात धरून ताटात ठेवला. "चाचपून बघा. पटलं तरच खा."

चंद्राबाई भात बोटांनी दाबून बघू लागली. बराच वेळ गेला. मग तिच्या चिमटीत एक काटा आला, केसासारखा बारीक. वंदनाचा चेहरा उतरला. ती ताट उचलायला वाकली. चंद्राबाईने ताट घट्ट धरलं आणि काटा काठावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे. मला घावला ना."

आणि तिने पहिला घास घेतला.

त्या दिवशी वंदनाने सांगितल्यावर महेंद्र खूप रागावला. दोन दिवस तो वंदनाशी धड बोलला नाही. पण चंद्राबाईने पडवीत जाऊन बसणं सोडलं. काटे काढायला ती वंदनाच्या शेजारी बसू लागली. पुढे वंदनाची लेक मनस्वी जन्मली आणि ताटाशी बसण्याएवढी मोठी झाली. तिच्या ताटात मासळीभात पाहून ताट काढून घ्यायला महेंद्रचा हात पुढे आला.

"काटे आईंनी काढलेत," वंदना म्हणाली.

महेंद्रने आईच्या बोटांकडे पाहिलं. मग त्याने स्वतःच भात कालवला आणि लेकीला भरवला.

मित्रांनो, आता चंद्राबाई नाही. घरात गॅस आला, हलकी नवी कढई आली आणि मी माळ्यावर गेले. माझ्या अंगावर गंज चढलाय. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला खाली काढा, घासा, थोडं तेल लावा. आम्ही अजून कामाच्या आहोत. आणि घरातलं एखादं माणूस आवडीचा पदार्थ नको म्हणू लागलं, तर त्याच्याजवळ बसा. त्याची काळजी वाटत असेल, तर ताटातले काटे काढा. ताट काढून घेऊ नका.